गिटमध्ये एकाच फोल्डरला कुलूप लावता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरणाऱ्या टीमची एकच रेपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा आहे, तिच्यातल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये पेमेंट गेटवेच्या कीज (पासवर्डसारखे गुप्त कोड) आहेत आणि नव्याने आलेल्या कंत्राटी डेव्हलपरना तेवढं फोल्डर दिसू नये.

गिटमध्ये हे होत नाही. ज्याला क्लोन करता येतं, म्हणजे रेपॉझिटरीची प्रत आपल्याकडे उतरवता येते, त्याला सगळ्या फायली मिळतात, आणि पहिल्या कमिटपासूनचा (नोंदवलेल्या बदलापासूनचा) इतिहासही. स्पार्स चेकआउटने फोल्डर डिस्कवर दिसत नाही एवढंच. कोडओनर्स फाइल बदलांना मंजुरी कोणाची लागेल ते ठरवते, वाचण्यावर तिचं काही बंधन नाही. गिटोलाइटनेही (गिट सर्व्हरवर परवानग्या ठरवणारं साधन) फोल्डरनिहाय पुश, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवणं अडवता येतं, वाचन नाही. सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या साधनात फोल्डरनिहाय वाचायची परवानगी देता येते, कारण तिथे इतिहास सर्व्हरवरच राहतो. गिटमध्ये तो प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो. गिटच्या अधिकृत माहितीतही खाजगी गोष्टी वेगळ्या रेपॉझिटरीत ठेवा असंच सांगितलंय.

म्हणून आधी त्या कीज आजच बदला. फाइल डिलीट करून नवा कमिट केला म्हणजे झालं, असं समजू नका. माझ्या जुन्या टीममध्ये हेच केलं होतं. काही महिन्यांनी एका नव्या मुलीला जुन्या लॉगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड सापडला, आणि तो तेव्हाही चालू होता! तिने लगेच सांगितलं म्हणून निभावलं. गिट फिल्टर-रेपोने इतिहास साफ करता येतो, पण ती फाइल आली तिथपासूनच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागतं, आणि कोणी जुन्या क्लोनमधून पुश केलं तर घाण परत येते. शिवाय आधी ज्यांनी क्लोन केलंय त्यांच्याकडची प्रत तशीच राहते. की बदलली असेल तर या सगळ्याची धास्ती उरत नाही.

त्यानंतर कीज वेगळ्या खाजगी रेपॉझिटरीत किंवा व्हॉल्टसारख्या सीक्रेट स्टोअरमध्ये (गुप्त गोष्टी जपून ठेवणाऱ्या साधनात) हलवा. त्याच रेपॉझिटरीत ठेवणं भागच असेल तर सॉप्स हे फायली एन्क्रिप्ट करणारं साधन वापरा, असं माझं मत. त्यात यामल प्रकारच्या कॉन्फिग फायलींमधली नावं वाचता येतात, फक्त त्या नावांपुढची मूल्यं (म्हणजे खुद्द कीज) एन्क्रिप्ट होतात, त्यामुळे रिव्ह्यू करताना काय बदललं ते कळतं. गिट-क्रिप्टही चांगलं आहे, पण ते फायलींची नावं लपवत नाही आणि एकदा दिलेला प्रवेश काढून घ्यायची सोय त्यात नाही. कंत्राटी माणसं येत-जात असतील तर हा मुद्दा मोठा आहे.

त्या कंत्राटी डेव्हलपरना अजून क्लोनचा अ‍ॅक्सेस दिला नसेल तर तो कीज बदलल्यावरच द्या.