बाळाचा हात हलत नाही. घरच्या व्यायामाने खरंच फरक पडतो का?

तुमची मुलगी सात आठवड्यांची आहे. बाळंतपणात खांदा अडकला, उजवा हात लुळा राहिला, डॉक्टरांनी अर्ब पाल्सी (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना ताण बसून हात लुळा पडणं) सांगून व्यायाम शिकवले. ती रडते, फरक काही दिसत नाही, म्हणून थांबवावं का, असं तुम्ही विचारलं आहे. थांबवू नका.

व्यायामाने नस जोडली जात नाही, हे आधी नीट समजून घ्या. मानेतून खांद्याकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आहेत. त्यांना पुन्हा वाढावं लागलं, तर वेग असतो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. तो आपल्याला वाढवता येत नाही. आपण करतो ते एवढंच, की नस पोचेपर्यंत सांधा मोकळा ठेवायचा. खांदा आखडून बसला, तर पुढे स्नायूंत ताकद येऊनही हात वर जात नाही. म्हणून सातव्या आठवड्यात हात हलत नाही याचा अर्थ व्यायाम वाया जातोय असा नाही.

सगळ्यात मोलाचा व्यायाम खांदा बाहेर वळवण्याचा, आणि बहुतेक घरांत नेमका तोच चुकतो. हात बाहेर वळवणारे स्नायू बंद असतात, आत ओढणारे चालू असतात. ती एकतर्फी ओढ पहिल्या काही महिन्यांतच खांद्याचा गोळा खोबणीतून मागे सरकवू शकते. बाळाला पाठीवर, घट्ट गादीवर झोपवा. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवा. आता दोन्ही हात एकदमच, सावकाश बाहेर उघडा, जणू पुस्तक उघडताय. हाताची मागची बाजू गादीकडे जायला हवी. ताण जाणवला की तिथेच थांबून दहापर्यंत मोजा. असं दहा वेळा. दोन्ही हात सोबत घेतले की शरीर वळत नाही आणि डाव्याशी तुलनाही होते. कोपर अंगापासून सुटलं, तर ताण खांद्यावर येतच नाही. पकड कोपराखाली आणि मनगटाच्या अलीकडे हवी. पंजा धरून पिरगळलं तर मनगट दुखावतं.

हात वर नेताना एका हाताने पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, दाबून धरा आणि दुसऱ्याने दंड कानाकडे न्या. फरा मोकळा सोडला तर तोच हाताबरोबर वर सरकतो. हात वर गेल्यासारखा दिसतो, पण सांधा आखडलेलाच राहतो. मग कोपर काटकोनात ठेवून तळहात तिच्या तोंडाकडे वळवा. कोपर वाकवणं-सरळ करणं, मनगट मागे नेणं, बोटं उघडणं पटकन होतं.

हे सगळं दिवसातून तीनदा, दर खेपेला दहा मिनिटं. वेगळी वेळ काढायला गेलात तर आठवड्याभरात बंद पडेल. लंगोट बदलण्याला जोडून टाका. दूध पाजल्यावर पाऊण तास जाऊ द्या. अंघोळीनंतर अंग सैल असतं, ती वेळ उत्तम. धरून ठेवल्याचा राग आला म्हणून बाळं कुरकुरतात, ते चालतं. पण ठरावीक जागी हात आला की दर वेळी किंचाळत असेल किंवा सूज असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. अशा बाळंतपणात गळपट्टीचं हाडही मोडलेलं असू शकतं.

सासूबाई मालिशवालीकडून हात ओढून घ्या म्हणतात, त्याला मात्र ठाम नकार द्या. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. ओढणं, झटका देणं, हाताला धरून झुलवणं नको. शेक-शेगडीही त्या हाताला नको. स्पर्श कमी कळत असेल तर चटका बसलेला तिलाही कळणार नाही. बखोटीला धरून उचलू नका. झबलं घालताना आधी उजवा हात, काढताना शेवटी. तो हात तिच्या तोंडाशी, गालाशी न्या, मऊ-खरखरीत कापड फिरवा. हा हात आपलाच आहे हे तिला कळायला हवं.

उमेद टिकवायची तर रोज बघू नका. दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि महिन्याने पहिला व शेवटचा शेजारी ठेवा. दंडात बारीकशी हालचाल, बोटांची पकड, असं आधी त्यातच दिसतं. बाबांना आणि आजीलाही शिकवा. एकट्या आईवर सगळं पडलं की महिन्या-दोन महिन्यांत ती थकते. आणि बाळ अडकलं ते तुम्ही जोर कमी लावला म्हणून नव्हे. घरात कोणी असं म्हणत असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

तीन महिन्यांची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. तोवर ती स्वतः कोपर वाकवू लागली नाही, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना दाखवाच. गरज पडली तर ही शस्त्रक्रिया बहुधा तिसऱ्या ते नवव्या महिन्यात करतात, त्यामुळे ‘वर्षाची होऊ दे, मग बघू’ हे महागात पडतं. पूर्ण पंजा लुळा असेल, त्या बाजूची पापणी खाली आलेली असेल किंवा श्वास जोरात चालत असेल, तर तीन महिनेही थांबू नका. आणि काल सहज बाहेर वळणारा खांदा आज अडत असेल, काखेतल्या वळ्या दोन्हीकडे सारख्या दिसत नसतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून खांद्याच्या सोनोग्राफीबद्दल विचारा.