एसयू(५) प्रयोगात टिकला नाही, तरी त्याहून मोठ्या सममिती गटांचा विचार का केला जातो?

मूलकणांमधील बले एकाच सममितीत, म्हणजे कणांची आपसांत अदलाबदल केली तरी नियम न बदलणाऱ्या एकाच रचनेत, बसवू पाहणारा एसयू(५) हा गट प्रयोगात टिकला नाही, तरी मूलकणांचे अभ्यासक एसओ(१०)सारखे आणखी मोठे गट का सोडत नाहीत, आणि गणिताचा डोलारा वाढण्यापलीकडे त्यातून काय हाती लागते, असे आपण विचारले आहे. मला स्वतःला याचे उत्तर सिद्धान्ताच्या सौंदर्यापेक्षा विद्युतभाराच्या एका साध्या बेरजेत सापडले.

हायड्रोजनचा अणू उदासीन असतो, कारण प्रोटॉनचा धनभार आणि इलेक्ट्रॉनचा ऋणभार तंतोतंत सारखे आहेत. एकावर २१ शून्ये एवढ्या भागांत एका भागाइतकाही फरक मोजमापांत आढळलेला नाही. प्रोटॉन क्वार्क नावाच्या मूलकणांचा बनलेला, आणि इलेक्ट्रॉनचा क्वार्कांशी काही संबंध नाही. मग हा मेळ बसला कसा? स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धान्तात, एसयू(३), एसयू(२) आणि यू(१) असे तीन वेगळे गट आहेत, आणि त्यांतला यू(१) कणाला कोणताही भार घेऊ देतो. सिद्धान्तातील विसंगती टाळण्याच्या अटी भारांवर बरीच बंधने घालतात हे खरे, पण गटाच्या रचनेतून ते ठरत नाहीत.

हॉवर्ड जॉर्जी आणि शेल्डन ग्लाशो यांनी १९७४ साली हे तिन्ही गट एसयू(५) या एकाच गटात बसवले. त्यात एका पिढीचे (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो आणि अप व डाऊन क्वार्क अशा एका संचाचे) १५ कण पाचाच्या आणि दहाच्या अशा दोन कुटुंबांत विभागले जातात. पाचाच्या कुटुंबात तीन रंगांचे (रंग म्हणजे क्वार्कांचा एक वेगळाच, तीन प्रकारांचा भार) तीन डाऊन-प्रतिक्वार्क, एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो असतात. विद्युतभार हा आता गटाचाच एक जनक (गट ज्या मूळ बदलांतून उभा राहतो त्यांपैकी एक) असल्यामुळे कुटुंबातील सर्व भारांची बेरीज शून्य यावीच लागते. न्यूट्रिनोचा भार शून्य, इलेक्ट्रॉनचा उणे एक; म्हणून तिन्ही प्रतिक्वार्कांचा मिळून अधिक एक, आणि प्रत्येकाचा एक तृतीयांश. क्वार्कांचे रंग तीन आहेत म्हणून हा तृतीयांश येतो! ही बेरीज मी प्रथम कागदावर मांडली तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो होतो, आणि आजही मला ती या विषयातील सर्वांत पटणारी गोष्ट वाटते.

मोठा गट म्हणजे वाटेल तो गट नव्हे. त्याची कोटी, म्हणजे एकाच वेळी निश्चित राहू शकणाऱ्या भारांची संख्या, किमान चार हवी आणि डावखुऱ्या व उजव्या कणांतील भेद त्याला राखता आला पाहिजे. एवढ्यावरच बहुतेक गट बाद होतात. एसओ(१०)मध्ये एक पिढी १६ जागांच्या एकाच कुटुंबात बसते, आणि सोळावी जागा उजव्या न्यूट्रिनोची असते. न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे हे १९९८ साली जपानमधील सुपर-कामिओकांडे या भूमिगत शोधकाच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाल्यावर ही जागा फार मोलाची ठरली, कारण हा सोळावा कण अतिशय जड असेल तर नेहमीचा न्यूट्रिनो इतका हलका का, याचे उत्तर मिळते.

याची किंमतही मोजावी लागते. एसयू(५)च्या २४ जनकांपैकी १२ आपल्या ओळखीच्या बलवाहकांचे आहेत. उरलेले १२ क्वार्कचे रूपांतर लेप्टॉनमध्ये (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो यांसारख्या कणांत) करू शकतात, म्हणजेच प्रोटॉनचा क्षय होऊ शकतो. त्याच्या शोधासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकाऱ्यांसह कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, लोखंडी पत्र्यांच्या थरांचा १४० टन वजनाचा शोधक उभारला होता. तेथे क्षयासारख्या काही घटना नोंदल्या गेल्या, परंतु नंतरच्या मोठ्या प्रयोगांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि उदासीन पायॉन (क्वार्क व प्रतिक्वार्क यांचा हलका कण) देणाऱ्या क्षयासाठी प्रोटॉनचे आयुर्मान १०च्या ३४व्या घाताच्या दुपटीहून अधिक वर्षे असले पाहिजे, असे सुपर-कामिओकांडे सांगते, आणि साध्या एसयू(५)चे भाकीत याच्या हजार पटींनी किंवा त्याहूनही कमी होते.

म्हणून जो बाद झाला तो एसयू(५)चा सर्वांत साधा आराखडा. एसओ(१०)ची सममिती स्टँडर्ड मॉडेलच्या गटांपर्यंत एकदम न मोडता मधल्या एखाद्या टप्प्याने, उदाहरणार्थ जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांच्या गटातून, मोडत असेल, तर एकीकरणाची ऊर्जा, म्हणजे ज्या ऊर्जेला ही बले एक होतात ती, वर सरकू शकते आणि प्रोटॉनचे आयुर्मान त्या ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढते. जपानमध्ये उभारला जात असलेला हायपर-कामिओकांडे नेमका आयुर्मानाच्या याच पट्ट्याचा शोध घेणार आहे.