“झालं का?” “हो.” आणि पोर्टलवर १९ पेंडिंग

ऑनलाइन शाळेतल्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार जवळपास एकच असते, फक्त शब्द वेगळे. क्लासला बसतो पण तोंड उघडत नाही. होमवर्क झालं म्हणतो आणि शाळेतून मेसेज येतो की काहीच सबमिट नाहीये. मग घरात आरडाओरडा, मग चार दिवस बरे जातात, की परत तेच. ज्या मुलाची गोष्ट सांगतेय तो सातवीतला, त्याला आपण ओम म्हणू (नाव अर्थातच बदललंय, घरातले बाकी तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत). वडिलांची बदलीची नोकरी, दर दोन वर्षांनी शाळा बदलायला नको म्हणून घरच्यांनी विचार करून त्याला पूर्ण ऑनलाइन शाळेत घातलेलं. म्हणजे नाइलाज नव्हता, ठरवून घेतलेला निर्णय होता, आणि म्हणूनच आई जास्त अस्वस्थ होती की आपलंच चुकलं का.

पहिल्या भेटीत आईने पर्समधून फोन काढून मला स्क्रीनशॉट दाखवला. १९ असाइनमेंट पेंडिंग, सगळ्या लाल अक्षरात. “मॅडम, मी रोज विचारते, झालं का? तो रोज हो म्हणतो. माझा मुलगा माझ्याशी रोज खोटं बोलतोय याचाच जास्त त्रास होतोय हो, मार्कांचं जाऊ दे.” ओम शेजारी बसून टी-शर्टची कड बोटाला गुंडाळत होता, वर बघत नव्हता.

आता मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते, कारण ते चुकलं. मी एक छान टाइमटेबल करून दिलं. रंगीत, विषयाला एकेक रंग, होमवर्कचा वेळ वेगळा, स्टार लावायची जागा. इतकं सुंदर झालं होतं की मीच खूश. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी आईचा मेसेज, आज परत तीन लाल. दोष ओमचा नव्हता, माझाच होता. त्याचं काम नक्की कुठे अडतंय हे न बघताच मी औषध देऊन मोकळी झाले होते.

पुढच्या वेळी म्हटलं लॅपटॉप घेऊनच या. ओमला सांगितलं, मला काही कळत नाही असं समज आणि एक होमवर्क सबमिट करून दाखव, मी मध्ये बोलणार नाही. आईला हळूच सांगितलं की तुम्हीही बोलायचं नाही. (त्यांना जड गेलं, दोनदा तोंड उघडलं होतं.) मी कागदावर फक्त पायऱ्या लिहीत गेले. विषय उघडायचा. खाली सरकत सरकत असाइनमेंट शोधायची, कारण वर सगळ्या सूचनांची गर्दी. वहीत लिहायचं. प्रत्येक पानाचा फोटो काढायचा. फोटो फोनवरून लॅपटॉपवर पाठवायचे. आडवे आलेले सरळ करायचे. त्यांची एक पीडीएफ करायची. तिला शाळेने सांगितलेल्या पद्धतीचं नाव द्यायचं. अपलोड करायची. ती गोल फिरणारी रेघ थांबेपर्यंत थांबायचं. आणि मग एक वेगळं सबमिट बटण दाबायचं. झाल्या ११ पायऱ्या! वर्गात याच कामाला किती पायऱ्या होत्या? वही बाईंच्या टेबलावर ठेवायची, एक. तीही विसरला तर शेजारचा उठतो ते बघून आपोआप उठतो.

ओमने फाइल अपलोड केली, ती पानावर दिसायला लागली आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, “झालं.” सबमिट दाबलंच नव्हतं! त्याच्या दृष्टीने फाइल दिसतेय म्हणजे बाईंना मिळाली. आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

मग आम्ही तिघांनी बसून ती १९ ची यादी सोडवली, अर्धा तास लागला. ७ असाइनमेंट अपलोड होत्या पण सबमिट नव्हत्या. ५ वहीत पूर्ण लिहिलेल्या होत्या, फोटोच नव्हते, आणि त्याचं कारण तर भारीच. फोटो काढायचा फोन आईचा. आई तीन दिवस ऑफिसला जाते, फोन घेऊनच जाणार ना. ओम दुपारी लिहून ठेवतो, फोन घरी येतो संध्याकाळी सातला, तोपर्यंत याच्या डोक्यातून ते काम केव्हाच पुसलं गेलेलं असतं. उरल्या ७, त्या मात्र खरंच केलेल्या नव्हत्या आणि ते त्याने लगेच कबूल केलं. म्हणजे १९ पैकी १२ चं काम झालेलं होतं. आई विचारायची “झालं का”, हा म्हणायचा “हो”, आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. तिच्या लेखी झालं म्हणजे पोर्टलवर हिरवं, त्याच्या लेखी झालं म्हणजे वहीत लिहिलं.

तसंही “झालं का” हा प्रश्न मला फारसा आवडत नाही. त्याला कुठलंही मूल “हो” च म्हणणार, मोठी माणसंपण म्हणतात. त्याऐवजी “कुठपर्यंत आलंय, दाखव” असं म्हटलं की निदान स्क्रीन दोघांसमोर येते.

इथे थोडं डोक्याच्या कामाबद्दल बोलते. आपण एका वेळी मनात धरून ठेवू शकतो अशा गोष्टी फार थोड्या असतात, नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलेला आकडा साधारण ४ चा आहे, तोही मोठ्या माणसांसाठी. आणि नियोजन करणं, क्रम लावणं, मध्येच आठवणं ही कामं सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटून जावी लागते. सातवीतल्या मुलाने ११ पायऱ्या, त्याही विषयागणिक थोड्या वेगळ्या, डोक्यात ठेवाव्यात ही अपेक्षाच मुळात जास्तीची आहे. यात आळशीपणा शोधू नका. शाळेच्या इमारतीत घंटा असते, फळा असतो, सरांची नजर असते, दप्तर भरायची ठरलेली वेळ असते, अर्धं नियोजन ती इमारतच करत असते. घरी ते सगळं एकट्या पोरावर येऊन पडतं आणि आपल्याला वाटतं की नुसता अभ्यास स्क्रीनवर आलाय, बाकी सगळं तेच आहे.

टाइमटेबल काढून टाकलं. त्याऐवजी ओमने स्वतःच्या अक्षरात त्या ११ पायऱ्या एका चिठ्ठीवर लिहिल्या आणि लॅपटॉपच्या कडेला चिकटवल्या, शेवटची पायरी लाल पेनने. फोटोंचं असं ठरलं, की आई घरी येऊन फोन चार्जिंगला लावते तेव्हा ओमने वह्या घेऊन यायचं आणि तिथेच उभ्या उभ्या फोटो काढायचे. सात वाजता असं नाही ठरवलं, “फोन चार्जिंगला लागला की” असं ठरवलं. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं यावर बरंच काम आहे, १९९९ चा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे, की “मी रोज करेन” अशा निश्चयापेक्षा “अमुक झालं की मी तमुक करेन” असं बांधून ठेवलेलं जास्त पार पडतं. घड्याळाकडे मुलाचं लक्ष नसतं पण चार्जर लावलेला त्याला दिसतो. ब्राउझरमध्ये शाळेसाठी वेगळी प्रोफाइल केली, त्यात फक्त शाळेच्या टॅब, गेमचं काही नाही. उरलेल्या ७ साठी मी आईला सांगितलं की सगळ्या करून घेत बसू नका, आधी शाळेला विचारा यातल्या कुठल्या अजून धरणार आहात. उत्तर आलं, तीन. चार सोडून दिल्या. आईला ते पटलं नाही, “अशाने सवय लागेल”, पण डोंगर समोर असला की मूल पहिला दगडही उचलत नाही हे मी इतक्यांदा बघितलंय की यावर मी हट्टच धरला.

आता न बोलण्याचं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं, आणि आईसमोर ओम त्यावर एक अक्षर बोलेना, म्हणून एक भेट फक्त त्याच्याशी घेतली. विचारलं, कुठल्या दिवशी बोलावंसं वाटतं? म्हणाला, “सोमवारी, बुधवारी चॅटमध्ये लिहितो कधी कधी.” आणि मंगळवार, गुरुवार? गप्प. मग हळूच, “आई घरी असते.” आई आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते, आणि ते ओमच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून. तिचा हेतू चांगलाच, पोराजवळ असावं. पण सरांनी प्रश्न विचारला की ही मागून कुजबुजणार, “सांग ना, येतंय तुला.” एकदा त्याने माइक चालू करून उत्तर दिलं, ते चुकलं, सर काही बोललेही नाहीत, पुढे गेले. पण स्क्रीनवरच्या त्याच्या स्वतःच्या छोट्या चौकोनात मागे आईने कपाळाला हात लावलेला त्याला दिसला. “सगळ्यांना दिसला असणार,” तो म्हणाला. ती गोष्ट सात महिन्यांपूर्वीची होती आणि त्याला तारीख पाठ होती.

वर्गात चूक झाली तर ती आईला दिसत नाही. मुलाचं शाळेतलं असं एक जग असतं जिथे आपण नसतो, आणि ते तसं असणं गरजेचं असतं. ऑनलाइनमध्ये ते जग घराच्या मधोमध येऊन बसलं. त्यात स्वतःचाच चेहरा सतत समोर. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली त्यातलं एक हेच होतं, दिवसभर स्वतःला बघत राहणं, आणि दुसरं एक म्हणजे एका चौकटीत हलता न येणं. आपण तासभर आरशासमोर बसून कुणाशी बोललो तर काय होईल, विचार करून बघा.

कपाळावरच्या हाताचं आईला मी ओमची परवानगी घेऊन सांगितलं. त्या रडल्या. त्यांना तो प्रसंग आठवतच नव्हता.

उपाय अगदी छोटे होते. स्वतःचा चौकोन लपवायची सोय बहुतेक व्हिडिओ ॲपमध्ये असते, बाकीच्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला स्वतःला नाही, ती चालू केली. आईचं टेबल दुसऱ्या खोलीत गेलं, आणि ओमने हेडफोन घ्यायचे म्हणजे सरांचे प्रश्न घरभर ऐकू जाणार नाहीत. बोलण्याची सुरुवात बोलण्यापासून करायचीच नाही असं ठरलं, पहिले दोन आठवडे दिवसातून एकदा चॅटमध्ये एक ओळ, शंका चालेल, उत्तर चालेल, “सर आवाज येत नाहीये” हेसुद्धा चालेल. आणि सरांना मेसेज आईने नाही, ओमने लिहिला, की मला अचानक विचारलं की सुचत नाही, आधी चॅटमध्ये उत्तर दिलं तर चालेल का. सरांनी “अवश्य” एवढंच लिहिलं. पण त्या आठवड्यात त्यांनी त्याचं चॅटमधलं उत्तर नाव घेऊन वाचून दाखवलं, आणि ओमने ते मला तीनदा सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली, ती घसरतेच. वडील सुट्टीवर घरी आले, पोर्टलवर एक लाल दिसलं, त्यांनी सगळी सूत्रं हातात घेतली, रोज रात्री हजेरी. चिठ्ठी निघाली, चॅट बंद. मग वडिलांना भेटले. त्यांना बांधकामाची माहिती होती म्हणून परांचीचं उदाहरण दिलं, मुलाला शिकवताना आधार कसा द्यायचा आणि कसा काढत न्यायचा यासाठी वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये नेमका परांचीचाच शब्द वापरला होता. ते लगेच म्हणाले, “म्हणजे स्लॅब भरल्या भरल्या काढायची नाही, पण कायम ठेवायचीही नाही.” मी म्हटलं, आणि परांची बांधली म्हणून भिंतही आपणच बांधायची नाही. हसले. रात्रीची हजेरी बंद होऊन शुक्रवारी १५ मिनिटं यादी बघायची असं ठरलं, माउस ओमच्या हातात.

हे सगळ्या मुलांना लागू होतं असं मात्र समजू नका. स्क्रीनशिवायही हेच होत असेल, वस्तू हरवणं, सूचना अर्धवट ऐकणं, आणि तेही लहानपणापासून, तर एडीएचडीची (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं सतत अवघड जाण्याची अडचण) तपासणी करून घ्या, कारण त्याच्या निदानात हेच बघतात की लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी आहेत का. वाचताना, लिहितानाच अडत असेल तर तो वेगळा विषय. डोळे आणि कान तर आधीच तपासा. आणि एरवी बोलकं असणारं मूल घरातही गप्प झालं असेल, झोप बिघडली असेल, तर चिठ्ठ्या चिकटवत बसू नका, सरळ कुणाला तरी दाखवा.

ओमची लाल अक्षरं शून्यावर आलेली नाहीत, महिन्याला दोनतीन असतातच. माइक तो आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी चालू करतो, गणितात जास्त. परवा शाळेने पोर्टल बदललं, बटणं सगळी इकडची तिकडे, जुनी चिठ्ठी बाद. आईने फोटो पाठवला, त्याने स्वतःच बसून नवी लिहिलीय, आता ८ पायऱ्या. खाली त्यांनी लिहिलं होतं, “मॅडम, ‘पीडीएफ’ चुकीचं लिहिलंय त्याने, सांगू का?” मी म्हटलं, राहू द्या.