कॉकेशियन शेफर्डचं पिल्लू आणतोय. घरात पहिल्यांदाच कुत्रं येणार, शेतात बिबट्याचा वावर आहे. त्याला चांगला राखणदार कसं बनवू?

तुम्ही लिहिलंय की नारायणगावजवळ द्राक्षबागेत घर आहे, तिन्ही बाजूंनी ऊस आहे आणि घरात आई, बायको आणि पाच वर्षांची मुलगी आहे. पिल्लाचा इसार देऊन झालाय, तीन आठवड्यांनी ते येणार. शेवटी विचारलंय, "ते रागीट आणि राखणदार व्हावं म्हणून काय करू?" तिथूनच सुरुवात करतो. त्यासाठी काहीही करू नका. राखण कॉकेशियनसारख्या कळप राखणाऱ्या जातींच्या रक्तातच असते. आठव्या-नवव्या महिन्यापासून ती जागी होते आणि वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत तो कुणी न सांगता राखायला लागेल. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की त्याआधी त्याला माणसं आणि जग नीट ओळखता यावं आणि त्याची हाडं सावकाश, सरळ वाढावीत. या दोन गोष्टी पहिल्या वर्षात साधल्या नाहीत तर पुढे फारसं काही दुरुस्त होत नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. बारा वर्षं झाली, नैनिताल जिल्ह्यात मुक्तेश्वरच्या बाजूला फळबाग करतो. आमच्याकडे भोटिया कुत्रा आहे, नाव भालू. हिमालयातले मेंढपाळ बिबट्या-अस्वलापासून कळप राखायला पाळतात ते हे कुत्रे. आठ आठवड्यांचा आणला तेव्हा सात किलोचा होता, आज सहा वर्षांचा आणि बावन्न किलोचा आहे. त्याच्याआधी मीही कधी कुत्रा पाळला नव्हता. कॉकेशियन त्याच्यापेक्षाही मोठा होतो, स्वभाव मात्र त्याच कुळातला.

आधी बिबट्याचं बोलतो, कारण पिल्लू घेण्यामागचं तुमचं मुख्य कारण तेच दिसतंय. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. म्हणजे बिबट्यासाठी कुत्रा हे भक्ष्य आहे, आणि तुमचं पिल्लू निदान वर्षभर तरी भक्ष्यच असणार. आमच्या इकडचे, हिमालयातले मेंढपाळ एकटा कुत्रा कधी ठेवत नाहीत. दोन-तीन मोठे कुत्रे, गळ्यात लोहाराकडून करून घेतलेला काट्यांचा लोखंडी पट्टा, आणि सोबत माणूस, एवढं सगळं मिळून राखण होते. तरीही कुत्रे जातात. आमच्या शेजाऱ्यांचा धडधाकट कुत्रा ओसरीतून गेला. रात्री साखळीला बांधलेला होता, त्याला पळता आलं नाही आणि लढताही आलं नाही. भालू आजही अंधार पडला की घरात असतो. आतून भुंकतो, तेवढी सूचना आम्हाला पुरते. म्हणून पिल्लू यायच्या आधी त्याची रात्रीची जागा पक्की करा. घरात, नाहीतर वरूनही जाळी असलेल्या बंद खोपटात. साखळी लावून अंगणात ठेवायचा विचार असेल तर कृपा करून पिल्लू आणूच नका.

आता वाढवण्याबद्दल.

सगळ्यात मोठी चूक मी खाण्यात केली. पिल्लू दांडगं होणार म्हणजे त्याला भरपूर खाऊ घालायचं, हा माझा समज होता. जो तो सांगत होता, हाडं मजबूत व्हायला कॅल्शियम द्या. मी चांगलं पिल्लांचं खाद्य देत होतो, त्यावर रोज कॅल्शियमचं सिरप, दूध, अंडी. पाचव्या महिन्यात भालू सत्तावीस किलोचा झाला आणि पुढच्या पायाने लंगडायला लागला. आठवड्याने दुसरा पाय. सकाळी उठताना कण्हायचा. हल्द्वानीला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी माझी सगळी यादी ऐकून घेतली आणि पहिलं कॅल्शियम बंद केलं, मग खाणं कमी केलं. दोन महिने त्याला फक्त सपाट जमिनीवर थोडंथोडं चालवायला सांगितलं. तो बरा झाला, पण ते कण्हणं मी विसरलेलो नाही. ते दुखणं मी रोज चमच्याने मोजून त्याच्या पोटात घालत होतो.

कारण असं आहे. पूर्ण वाढलेला कुत्रा नको असलेलं कॅल्शियम आतड्यातून फारसं आत घेत नाही. पिल्लाला पहिल्या काही महिन्यांत हे जमत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं आणि वाढत्या हाडांचं गणित बिघडतं. लहान जातीचं पिल्लू त्यातून निभावून जाईल. महाकाय जातीचं पिल्लू वर्षभरात वजनाने कित्येक पट होतं, त्याला हे झेपत नाही. भरपेट खाण्याचंही तसंच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेन या महाकाय जातीच्या पिल्लांवर झालेला प्रयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पिल्लांना हवं तेवढं खाऊ दिलं, काहींना त्याच्या दोन तृतीयांश. हाडांचे आणि सांध्यांचे विकार झाले ते भरपेट खाणाऱ्यांना. तेव्हा पिशवीवर 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं खाद्य घ्या, दिवसातून तीन-चार वेळा मोजून द्या, आणि वरून कॅल्शियम, हाडांची पूड, टॉनिक काहीही घालू नका. घरचंच खाऊ घालायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. नुसत्या भाकरी-ताकावर हे पिल्लू वाढत नाही. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. येणारे-जाणारे म्हणतील, "किती वाळलंय हो, खायला घालत नाही का?" म्हणू द्या.

त्याच कारणाने दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला मोटरसायकलमागे पळवू नका, गच्चीचे जिने चढ-उतार करायला लावू नका, जीपमधून उडी मारू देऊ नका. घरात गुळगुळीत फरशी असेल तर सतरंज्या, पोती अंथरा. स्वतःहून शेतात हुंदडला तर चालेल, दमला की तो आपणच बसतो. नसबंदी करायची असेल तर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

तुमच्या शेतातच त्याला विष आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, थोडी खाल्ली तरी. कांदाही वाईट. तोडणीच्या दिवसांत बागेत मणी गळून पडलेले असतात, तेव्हा त्याला मोकळं सोडू नका. मुलीला प्रेमाने द्राक्ष भरवू देऊ नका. फवारणीचे ड्रम आणि उंदराचं औषध त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा.

आता स्वभाव. पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत उघडं असतं. त्या काळात जे भेटलं आणि त्रासदायक ठरलं नाही, ते त्याच्या हिशेबी 'नेहमीचं' होतं. त्यानंतर भेटलेलं नवीन काहीही संशयास्पद. राखणदार जातीत हा संशय मोठेपणी दातांपर्यंत येतो. तुमच्याकडे पिल्लू आठव्या-नवव्या आठवड्यात येईल, म्हणजे हातात जेमतेम पाच-सहा आठवडे. नेमके तेव्हाच लसीचे डोस चालू असतात, ते साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि पार्व्हो या जीवघेण्या, उलट्या-जुलाबाच्या संसर्गाची भीती असते. घाबरून त्याला घरात कोंडू नका. भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर ठेवू नका, पण कडेवर घेऊन, जीपमध्ये बसवून सगळं दाखवा. ऊसतोडीची माणसं, ट्रॅक्टर, हेल्मेटवाला कुरियर, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, घोंगडी पांघरलेला म्हातारा, छत्री, शाळा सुटताना धावणारी पोरं. जवळ जायची जबरदस्ती करायची नाही. लांबून बघू द्यायचं, तोंडात एखादा तुकडा द्यायचा आणि घरी यायचं. रोज दहा मिनिटं पुरतात.

धनगराच्या वाड्यावर किंवा इकडच्या कळपात पिल्लाला हे शिकवायला मोठी कुत्री असतात. पिल्लू कोकराच्या मागे लागलं की म्हातारी कुत्री त्याला दाबते, रस्त्याने जाणाऱ्यावर उगाच भुंकलं तर बाकीची कुत्री उठतच नाहीत. त्यांच्याकडे बघून ते शिकतं. तुमच्याकडे ती म्हातारी कुत्री नाही, तिचं काम तुम्हाला करायचंय. म्हणून त्याने काहीही केलं की स्वतःला विचारा: हेच साठ किलोच्या कुत्र्याने केलेलं चालेल का? मुलीच्या फ्रॉकला लोंबकळणं, अंगावर उड्या, ताटापाशी गुरगुरणं, सगळं आठ किलोचं असताना गोंडस वाटतं. तेव्हाच थांबवायचं, पण मारून नाही. या कुत्र्यांना मारलं तर ते तुम्हाला विसरत नाहीत. ताटावर गुरगुरला तर ताट ओढून घेऊ नका. जवळ जाऊन त्यात आणखी चांगला तुकडा टाका, म्हणजे माणूस जवळ येणं त्याला आवडायला लागतं. पहिल्या दिवसापासून रोज पंजे, कान, दात हाताळा. मोठा झाल्यावर चार माणसांनी धरून नखं काढता येणार नाहीत.

मेंढ्या वळवणारा कुत्रा माणसाच्या हुकमाकडे बघत काम करतो. राखणदार स्वतः ठरवतो, कारण रात्री डोंगरावर त्याला हुकूम द्यायला कुणी नसतं. त्यामुळे 'बस' म्हटलं की तो आधी विचार करेल, मग बसेल. याला मठ्ठपणा समजू नका.

भालू अकरा महिन्यांचा असताना गॅसचं सिलिंडर घेऊन येणारे काका अंगणात आले. भालूने त्यांना येऊ दिलं. ते परत निघाले तेव्हा फाटकात आडवा उभा राहिला, न भुंकता. मी वरच्या बागेत होतो. वीस मिनिटं ते काका हलले नाहीत म्हणून काही झालं नाही, पण मला रात्रभर झोप आली नाही. चूक माझी होती. आठव्या-नवव्या महिन्यापासून राखण जागी होते हे मला कळायला हवं होतं. त्यानंतर पाहुणा यायचा असेल तर भालू आधी पट्ट्यात किंवा आत, हा नियम केला आणि आजपर्यंत मोडलेला नाही. सिलिंडरवाल्या काकांच्याच हातून त्याला महिनोन्महिने पोळी देववली. आता तो त्यांना बघून शेपूट हलवतो, तरी पट्टा माझ्या हातात असतो. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी खेळायला येतील. पोरं किंचाळतात, एकमेकींना ढकलतात, कुत्र्याला वाटतं आपल्या मुलीवर हल्ला झाला. त्यांच्यासोबत त्याला एकटं सोडायचं नाही. चार वर्षांचा झाला तरी नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. १२ मार्च २०२४ ला केंद्राने २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगणारं परिपत्रक काढलं होतं, त्यात कॉकेशियन होता. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते एप्रिलमध्ये रद्द केलं. पण कुत्र्याच्या बाबतीत निष्काळजीपणा झाला आणि कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मालकालाच लागतं.

उन्हाबद्दल मला तुमची खरी काळजी वाटते. कॉकेशियनच्या अंगावर बर्फासाठीची दुपदरी लोकर असते, आणि नारायणगावचा एप्रिल-मे त्याच्यासाठी नाही. मला आधी विचारलं असतंत तर ही जात घेऊ नका म्हटलं असतं. आता घेतलीच आहे तर उन्हाळ्यात सकाळी आठनंतर आणि सूर्य मावळायच्या आत बाहेर काढू नका, कूलर लावा, ओल्या फरशीवर झोपू द्या. केस भादरू नका, ते उन्हापासूनही वाचवतात, रोज विंचरा. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल, पाय लटपटत असतील तर साधं पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि तसाच दवाखान्यात न्या. गोचीड दर संध्याकाळी तपासा, गोचीडतापाने कुत्री जातात.

आणि पोट फुगणं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट वाऱ्याने फुगतं आणि त्याला पीळ पडतो. उलटीसाठी सारखा ओकारे काढतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं लागतं, एका जागी बसवत नाही. ही लक्षणं दिसली की सकाळची वाट बघायची नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच तो वाचतो. साताऱ्याच्या माझ्या मित्राचा ग्रेट डेन असाच एका रात्रीत गेला, त्याने अपचन समजून ओवा दिला होता. पुण्यात रात्री मोठ्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया करणारं कोण आहे, हे पिल्लू यायच्या आधी शोधा, नंबर भिंतीवर लावा. जेवण एकदम नको, वाटून द्या, आणि जेवल्याबरोबर पळापळ नको.

इसार दिला असला तरी या रविवारी विकणाऱ्याकडे जा आणि पिल्लाच्या आईला बघा. ती साखळीला बांधलेली, माणूस दिसताच अंगावर येणारी असेल, किंवा "ती दुसऱ्या गावी आहे" असं उत्तर आलं, तर इसार सोडून द्या. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू देत असेल तर घेऊ नका, २०१७ च्या नियमांनुसार तसं विकताच येत नाही. सगळं ठीक वाटलं आणि पिल्लू आणलंत, तर दर रविवारी त्याचं वजन एका वहीत लिहा. चौथ्या महिन्यात ते आकडे इथे टाका, खाणं कमी-जास्त करायचं का ते मी भालूच्या जुन्या वहीशी लावून सांगेन.