गोव्यात सामूहिक साल्साचा विश्वविक्रम करायचा असेल तर किती माणसं आणि किती सराव लागतो?

तुम्ही लिहिलंय की पणजीतला तुमचा नाचणाऱ्यांचा गट सगळ्यांनी मिळून साल्सा नाचून विश्वविक्रम करायचं म्हणतोय, आणि माणसं कमी पडली तर शेवटच्या दोन दिवसांत गावागावांतून गोळा करून शिकवता येतील का. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. गिनीजकडे अर्ज करा, नियमावली येते, तिच्यातच मोडायचा आकडा असतो. साधा अर्ज फुकट असतो, पण उत्तराला तीन महिने धरून चाला. घाई असेल तर पैसे भरावे लागतात आणि त्यांचा परीक्षक प्रत्यक्ष बोलवायचा तर त्याहून पुष्कळ जास्त. दुसऱ्या भागाचं उत्तर आहे, नाही. दोन दिवसांत नाही. ऐनवेळी माणसं गोळा करण्याचा प्रकार मी जवळून पाहिलाय, म्हणून एवढं लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी पणजीतल्या कांपालच्या मैदानावर असाच प्रयत्न झाला होता. आयोजकांचं नाव घेत नाही, ते अजून इथेच आहेत. नाच रुएदा होता. तुम्ही साल्सावाले आहात, रुएदा म्हणजे जोड्यांचं रिंगण करून नाचायचा साल्सा, हे तुम्हाला सांगायला नको. मी २००९ पासून नाचते आणि शिकवते, आणि माझ्या मते सामूहिक विक्रमासाठी रुएदाच घ्यावा. १९५० च्या दशकात हवानाच्या क्लबांत तो वाढला तो जमावातच. कॉलरने, म्हणजे स्टेप पुकारणाऱ्याने, हाक दिली की सगळं रिंगण एकदम हलतं, कोणी एकटं पडत नाही. पण हीच त्याची अडचणही आहे. एक जोडी चुकली की पुढच्या ‘दामे’ला, म्हणजे शेजारची जोडीदार घ्यायच्या हाकेला, तिच्या शेजारची चुकते आणि मग सगळं रिंगण.

आमच्या नियमावलीत पाच मिनिटं न थांबता नाचायचं होतं, सगळ्यांनी एकच ठरलेला नाच. दर पन्नास माणसांमागे एक स्टुअर्ड. त्याने नाचायचं नाही, फक्त बघायचं. जो थांबला, रिंगण सोडून गेला किंवा दुसरंच काही करू लागला, त्याला आकड्यातून वजा करायचं आणि शेवटी फॉर्मवर सही करायची. मी शेवटच्या ब्लॉकची, म्हणजे सगळ्यांत मागच्या पन्नास माणसांची, स्टुअर्ड होते.

चार दिवस आधी माणसं कमी पडली. पणजी, म्हापसा, मडगाव इथल्या क्लासमधून यायचे तेवढे आले होते. मग आयोजकांना लोकनृत्याची पथकं आठवली. माझी धाकटी काकी सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे राहते. तिचं फुगडीचं पथक आहे, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्या बायका दोन-दोन तास दम न घेता नाचतात. मला विचारलं गेलं आणि काकीला फोन मीच केला. ही गोष्ट मी कुणापासून लपवलेली नाही.

बेचाळीस बायका आल्या. आधी एका दुपारी दोन तास शिकवणी झाली, तेवढीच. बाई-बाई अशा एकवीस जोड्या केल्या आणि आधार म्हणून क्लासमधल्या चार जोड्या त्यांच्यात पेरल्या. साडीवरच टी-शर्ट चढवून त्या उभ्या राहिल्या. वन-टू-थ्री, फाइव्ह-सिक्स-सेव्हन त्यांनी अर्ध्या तासात उचललं. ताल त्यांना शिकवावा लागत नाही. शिकवावा लागतो तो साल्साच्या आठ मात्रांतला चार आणि आठवरचा थांबा. फुगडीत पाऊल थांबत नाही, आधी संथ गाणं, मग गती वाढत जाते आणि शेवटी ‘फू, फू’ करत भिंगरीसारखं फिरायचं. आयुष्यभर रिकामी मात्रा पायाने भरणाऱ्या बाईला ती रिकामी सोडायला सांगायची तर तिला वेळ द्यावा लागतो. दोन तास पुरत नाहीत. मी तेव्हाच हे बोलले होते. माझ्याबरोबर क्लास चालवणारी माझी मैत्रीण म्हणाली, पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे.

आता आवाजाचं ऐका, कारण खरा घात तिथे झाला आणि तुमच्याकडेही होईल. स्पीकर सगळे स्टेजवर होते. माझा ब्लॉक स्टेजपासून जवळजवळ शंभर मीटर मागे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे आमच्यापर्यंत यायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागत होते. साल्साचं गाणं मिनिटाला १८० मात्रांचं धरा, तर एक मात्रा ०.३३ सेकंदांची. म्हणजे मागच्या रांगेला संगीत जवळजवळ पूर्ण एक मात्रा उशिरा ऐकू येत होतं, पण स्टेजवरच्या कॉलरचे हात मात्र त्याच क्षणी दिसत होते. मुरलेला नाचणारा कानावर जातो. नवा माणूस डोळ्यावर जातो. माझ्या ब्लॉकमध्ये आठजण कानवाले होते आणि बेचाळीसजणी डोळेवाल्या, आणि कान आणि डोळे दोन वेगळ्या मात्रा सांगत होते. मैदानाच्या मध्यावर आणि मागे वेगळे स्पीकर लावून त्यांना तेवढाच उशीर देता येतो, साउंडवाल्याला हे ठाऊक असतं. त्याला सांगावं लागतं एवढंच. आमच्याकडे पैसे वाचवले.

पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला ‘एन्चुफला’ची, म्हणजे वळून जागा बदलायची, खूण झाली आणि माझ्यासमोरचं रिंगण फाटलं. अर्ध्याजणी वळल्या, अर्ध्या वळल्या नाहीत. दोघी एकमेकींवर आदळल्या. एक क्षण सगळ्या उभ्या राहिल्या. मग काकीने दोन्ही बाजूंच्या बायकांचे हात धरले. तिच्या पलीकडच्या बाईने पुढचा हात धरला. बघता बघता बेचाळीस बायकांचं एकच रिंगण झालं आणि क्युबन संगीतावर फुगडी सुरू झाली. ताल एक, पावलं एक, टाळ्या एक. शेवटची तीन मिनिटं त्या एकदाही अडखळल्या नाहीत. त्या दिवशी त्या मैदानावर यापेक्षा चांगला नाच कुठल्याच ब्लॉकमध्ये झाला नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. बाजूच्या ब्लॉकमधल्या मुली नाच सोडून बघत राहिल्या.

आणि मी त्या बेचाळीसजणींना वजा केलं. फॉर्मवर आठ लिहिलं, सही केली.

आम्हाला हव्या असलेल्या आकड्यापेक्षा अडतीस माणसं जास्त होती. बाकीच्या प्रत्येक स्टुअर्डने पन्नासपैकी पन्नास लिहिले होते. माझ्या एका कागदामुळे विक्रम गेला.

आयोजक ओरडले ते मला लागलं नाही. लागलं ते दोघींचं बोलणं. मैत्रीण म्हणाली, ‘आपल्याच बायकांना कापलंस, त्या नाचतच होत्या ना? कोण बघणार होतं?’ तिने त्यानंतर क्लास वेगळा केला. आणि मिनीबसमध्ये चढताना काकी म्हणाली, ‘आमी नाचल्यो न्हय गो बाये?’ आम्ही नाचलो ना गं? तिला रागही आला नव्हता, ती खरंच विचारत होती. मी तिला म्हटलं, ‘नाचलात काकी, सगळ्यांत चांगलं तुम्हीच नाचलात.’ आकड्याचं तिला समजावून सांगणं त्या रात्री मला जमलं नाही.

मैत्रिणीचं म्हणणं अजून तेच आहे, असं कानावर येतं. म्हणून इथे लिहिते. विक्रम ‘सर्वांत मोठा नाच’ असा नव्हता, सर्वांत मोठ्या रुएदाचा होता. फुगडीला साल्सा लिहिलं असतं तर फक्त नियमावलीशी खोटं झालं नसतं, फुगडीशीही झालं असतं. काकीच्या पथकाने जे केलं त्याला स्वतःचं नाव आहे. चवथीला, व्रताच्या दिवशी, महालक्ष्मीपुढे कळशी घेऊन त्या जे नाचतात त्याचीच ती तीन मिनिटं होती. ते आपलं म्हणून मिरवायचं असेल तर त्याच्या नावाने मिरवा, रुएदाच्या आकड्यात भरताड म्हणून नको. बाकीच्या स्टुअर्डांनी पन्नास लिहिले ते खरे होते का, यावर मला बोलायचं नाही. माझ्यासमोर काय झालं ते मी लिहिलं.

शिवाय हे तुम्ही टाळू शकता. चूक बायकांची नव्हती. त्यांना मोजण्यासाठी आणलं होतं, नाचण्यासाठी आणलं नव्हतं. दोन्हीसाठी माणूस एकच लागतो, पण तयारी वेगळी लागते. निदान आठ रविवार द्या. पहिले तीन फक्त बेसिक आणि चार-आठचा थांबा, पुढे ‘दामे’, ‘दिले के नो’ आणि एखादी सोपी ‘एन्चुफला’. विक्रमाला यापेक्षा जास्त स्टेप लागत नाहीत आणि क्लासवाल्यांनी हौसेने ‘सेतेन्ता’सारखा अवघड प्रकार घातला तर तो काढून टाका. शेवटचे दोन सराव मोठ्या मैदानावरच करा, हॉलमध्ये नको, म्हणजे आवाजाचा घोळ आधी कळेल. नव्यांना स्टेजजवळ ठेवा आणि मुरलेल्यांना मागे. आमच्याकडे फोटो चांगले यावेत म्हणून नेमकं उलट केलं होतं. लीड, म्हणजे जोडीत दुसऱ्याला फिरवणारे, कमी पडणारच, तेव्हा बायकांना लीड शिकवायला पहिल्या दिवसापासून सुरुवात करा. साल्साचे गुळगुळीत तळव्यांचे बूट मैदानावर आणू देऊ नका. गवतावर वळताना गुडघा जातो. साधे, सपाट, जुने बूट बरे.

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलीच घ्या, पण कार्निव्हल आणि शिगमो टाळून. त्या दिवसांत पथकंही मिळत नाहीत आणि पोलीसही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतला भाग आहे. त्यामुळे गेटवर मोजणीला लागणारा वेळ धरून संध्याकाळी लवकर सुरुवात करा. मोजणीला तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ जातो.

‘साल्सा आपला नाही, हे पोर्तुगिजांचं खूळ’ असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच, मला नेहमी ऐकवतात. साल्साचा आणि पोर्तुगालचा काही संबंध नाही. मूळ क्युबातला सोन हा नाच-गाण्याचा प्रकार, त्याला न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकोच्या आणि इतर वस्त्यांनी वाढवलं आणि हे नाव १९७० च्या दशकात जगभर झालं. आमच्याकडे सत्तरी, फोंडा, पेडणे या नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या भागात, जोडीने नाचायची सवय घरात नव्हती. मांडो हा गोव्यातला जोडीचा नाचही सासष्टीकडचा. म्हणून आमच्या बायकांना परक्याच्या खांद्यावर हात ठेवायला अवघड जातं, हे खरं आहे. पण त्यावरही वेळ हाच उपाय आहे.

हे सगळं माझ्या एका अनुभवावरचं आहे, हेही सांगून ठेवते. नियमावल्या बदलतात, वेगवेगळ्या विक्रमांच्या अटी वेगळ्या असतात, तुमच्या कागदावर जे असेल तेच धरा. काही विक्रमांत जोड्या मोजतात, काहींत माणसं. आणि फार छोटा गट असेल तर आठ रविवारांऐवजी पाचही पुरतील.

त्या चवथीला मी काकीकडे गेले आणि सगळं नीट सांगितलं. कागद कसा असतो, वजाबाकी कशी करतात, आवाज मागे उशिरा का पोचतो, सगळं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘मागीर आमकां सारकें शिकय.’ मग आम्हाला नीट शिकव. पावसाळा ओसरल्यावर मी दर रविवारी पणजीहून कदंबा बसने वाळपईला जात होते, पुढे गावातली कुणीतरी मोटारसायकलवर घ्यायला यायची. अकरा रविवार लागले, आठ नव्हे. बेचाळीसपैकी सव्वीसजणी टिकल्या. आता त्यांच्यात कॉलर काकीच आहे. ती ‘दामे गो!’ म्हणते आणि तेरा लीड एकदम सरकतात. चार आणि आठला पाय थांबतो. मध्येच कुणाला हुक्की आली तर संगीत बंद करून फुगडी घालतात, मग पुन्हा साल्सा. दोन्ही वेगळं ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

तुम्ही मनावर घेतलं तर त्या सव्वीसजणी येतील, मी विचारलंय. त्यांना मागे उभं केलं तरी चालेल. आणि त्या ब्लॉकला स्टुअर्ड मिळत नसेल तर मला कळवा, मी येईन. समोर दिसेल तेवढंच लिहीन.