मैदान आणि मंच : ढोल कमरेला बांधण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची. यंदा ढोल पथकात दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात कंबर धरली, हाताला फोड आले आणि रात्री कानात शिट्टी वाजते म्हणते. तिची आजी म्हणते, सोडून दे. मुलगी ऐकत नाही. काय करावे? (एक आई, नाशिकरोड)

उत्तर : सोडायला लावू नका, पण पुढचे पंधरा दिवस तिच्या सरावाकडे नीट लक्ष द्या. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. त्यातल्या दोन घरच्या घरी सुटतात. तिसरीला मात्र उशीर चालत नाही.

आधी कंबर. ढोल पोटासमोर बांधलेला असतो, त्याचे वजन शरीराला पुढे ओढते. नवखी वादक ते सावरायला खांदे मागे टाकते, कमरेचा बाक वाढतो आणि सगळा भार मणक्याच्या खालच्या सांध्यांवर येतो. बहुतेक वेळा दोष बांधणीचा असतो. ढोल बांधायचा दुपट्टा पोटावर न घेता नितंबाच्या दोन्ही हाडांवर टेकला पाहिजे. गाठ पाठीच्या मधोमध नको, बाजूला घ्या. गुडघे किंचित सैल, पोट आत, पावले खांद्याइतकी लांब. पहिल्या वर्षी ढोल शरीराच्या वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यापेक्षा जड नसावा असे आमचे मत आहे. पन्नास किलोच्या मुलीला सहा-सात किलो पुरे. मोठा ढोल मिळाला की मान मिळाला, ही समजूत पथकातच मोडायला हवी.

सरावही टप्प्याने वाढवा. पहिला आठवडा ढोल न बांधता: जमिनीवर जुना टायर ठेवून टिपऱ्याने (वाजवायच्या काठीने) ठेके, सोबत रोज तीस-तीस सेकंदांचे तीन प्लँक आणि वीस बैठका. दुसऱ्या आठवड्यात ढोल बांधून पंधरा मिनिटे, मग सोडून तेवढीच विश्रांती. हीच पंधरा मिनिटे दर आठवड्याला दहाने वाढवा. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरुवात केली तर नाशिकची वाकडी बारवेपासून पंचवटीपर्यंतची मिरवणूक झेपेल इतकी ताकद सहज येते. आठ दिवस आधी जाग आली तर येत नाही. दुखणे पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र सराव थांबवून डॉक्टरांकडे जा.

फोड येतात ते टिपरू मुठीत आवळल्यामुळे. टिपरू अंगठा आणि पहिल्या बोटात धरावे, बाकीची बोटे नुसती टेकलेली. ताकद कोपरातून लावू नये, मनगट झटकावे. ढोल वाजतो तो टिपरू पानावरून (ढोलाच्या ताणलेल्या तोंडावरून) लगेच उडाले तर. दाबून ठेवले की आवाज मरतो, आणि मरतो म्हणून मूल आणखी जोर लावते. थापीचा, म्हणजे टिपरू नसलेला, हातही तसाच: तळव्याचा टाचेकडचा भाग आपटू नये, जुळवलेली बोटे पडली पाहिजेत. फोड आलाच तर फोडू नका. त्यावर चिकटपट्टी लावा, आणि पुढच्या वेळी वाजवण्याआधीच लावा.

आता कान. याबाबतीत आम्ही ठाम आहोत. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास सोसता येतो, असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. पथकाच्या मधोमध आवाज शंभराच्याही पुढे जातो. रात्री वाजणारी शिट्टी म्हणजे आतल्या कानातल्या नाजूक पेशी दमल्याची खूण. सुरुवातीला ती दिवसभरात जाते. वारंवार झाली तर त्या पेशी मरतात, आणि पुन्हा येत नाहीत. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही, आवाज त्यातून आरपार जातो. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवून तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. तो फुगून बसला पाहिजे. अर्धवट बसलेल्या प्लगचा उपयोग अर्धाही होत नाही. बसला तर ठेका ऐकू येतो, फक्त टोचत नाही. ताशाच्या अगदी पुढ्यात उभे राहू नये, त्याचा तीक्ष्ण आवाज कानाला सर्वांत आधी दुखावतो. शिट्टी चोवीस तासांनंतरही असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, मिरवणूक संपण्याची वाट पाहू नका.

चामड्याचे पान असलेला ढोल तुमच्या घरी ठेवायला दिला असेल, तर आणखी एक. पावसात पान ओलसर होऊन सैल पडते आणि आवाज बसतो. लगेच दोऱ्या कसायचा मोह होतो. तसे केले तर वाळताना चामडे आवळते आणि कडेला फाटते. आधी सावलीत वाळवा, मग दोऱ्या समोरासमोरच्या थोड्या-थोड्या ताणा, एकाच बाजूने नको.


प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. मल्लखांबाला घातला, पण महिना झाला तरी शिक्षक नुसते चढ-उतार करून घेतात. मांड्या खरचटतात. पैसे वाया जात आहेत का? (एक पालक, सातपूर)

उत्तर : शिक्षक बरोबर करत आहेत. अढी (पायांनी खांबाला घातलेली पकड) पक्की नसताना पुढची कसरत शिकवणारा शिक्षक आम्हाला जास्त धोक्याचा वाटतो. खांब मांड्या आणि पायांनी धरायचा असतो, हातांनी नाही. मुले दमली की हातांवर लोंबतात आणि घसरतात. सलामी, अढी, मग तेढी आणि बगली, त्यानंतर दसरंग आणि फिरकी हा क्रम तोडू नये.

मांड्या खरचटतात कारण कोरड्या लाकडावर कोरडी कातडी घासते. त्यासाठीच खांबाला एरंडेल चोळतात. ते जाड असते, त्यामुळे पकड राहते आणि चटका बसत नाही. शर्ट, फुल पँट घालून खेळू देऊ नका, कापड घसरते. नखे कापलेली असावीत, हातात दोरा-कडे नको, जेवून दोन तास झालेले असावेत. खांबाभोवती जाड गादी आहे की नुसती सतरंजी, हे स्वतः जाऊन पाहा. पुरलेला खांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट असतो, तेवढ्यावरून सात वर्षांचे मूल पडले तर सतरंजी काही कामाची नाही. घरात मुलगी असेल तर तिलाही घाला. दोरीचा मल्लखांब मुलींचा आणि खांब मुलांचा ही वाटणी आता राहिलेली नाही. आणि हे आपल्याच जिल्ह्याचे आहे: पेशवाईतले मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाची कल्पना वणीच्या सप्तशृंगी गडावर सुचली, असे परंपरेने सांगतात.


प्रश्न : हौशी संस्थेत काम करतो. नाटकाच्या तालमींत आवाज बसला आहे, स्पर्धेला दहा दिवस उरलेत. कुजबुजत बोलतो, ज्येष्ठमध चघळतो. आणखी काय करू? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : कुजबुजणे आधी बंद करा. त्यात स्वरतंतू आखडून घासतात, हलक्या नेहमीच्या आवाजात बोलणे परवडते. दोन दिवस मौन पाळा, दिवसातून दोनदा दहा मिनिटे साध्या पाण्याची वाफ घ्या, खाकरू नका, घोटभर पाणी प्या. ज्येष्ठमधाने घसा ओला राहतो, सूज उतरत नाही. या दहा दिवसांत तालमीत हालचाली पूर्ण करा, पण संवाद अर्ध्या आवाजात म्हणा. दिग्दर्शक रागावले तर हे उत्तर दाखवा. ओरडण्याचा प्रसंग उंच आवाजाने पेलू नका: व्यंजने ठळक करा आणि गती वाढवा, धार तिथूनच येते. रंगमंचावर जाण्याआधी पाच-सात मिनिटे तोंड मिटून गुणगुणणे आणि ओठांचा फर्रऽऽ आवाज पुरे. कालिदास कलामंदिरात किंवा सायखेडकर नाट्यगृहात प्रयोग असेल, तर शेवटच्या रांगेत एकाला उभे करून तपासा.

सकाळी उठल्यावर आवाज जास्त बसलेला असतो का? तसे असेल तर रात्री अकराला तालीम सुटल्यावरची मिसळ आणि चहा हे कारण असू शकते. आम्ल घशापर्यंत चढते. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर स्वरतंतू तपासून घ्या.


प्रश्न : वय ५८. गोल्फ क्लब मैदानावर रोज चालतो. धावायला लागू का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाची तपासणी करून मग लागा. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, सलग दिवशी नाही. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले नाही, तर वेग जास्त आहे. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखली, तर आठवडाभर सिमेंटवर धावू नका, मातीवरच चाला आणि पोटऱ्या ताणा. बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बदला, वरून नवे दिसत असले तरी तळ तोवर बसलेला असतो.