वाचक विचारतात: नववीतल्या मुलीला तुओल स्लेंगला न्यावं का?

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही व्हिएतनाम-कंबोडिया करतोय. अंगकोर वाट तर आहेच, पण टूरवाल्याने राजधानी नॉम पेन्हला तुओल स्लेंग हे जेनोसाईडचं (वंशसंहाराचं) म्युझियम पण ठेवलंय. मुलगी नववीत आहे. सासूबाई म्हणतात एवढा खर्च करून पोरीला मेलेल्यांचे फोटो कशाला दाखवायचे, ह्यांचं म्हणणं इतिहास कळलाच पाहिजे. मला दोघांचंही पटतंय, काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: न्या. पण आधी घरी बसवून सगळं नीट सांगा, बसमधून उतरताना गाईड पाच मिनिटांत सांगेल त्या भरवशावर नका राहू.

तिला पहिली गोष्ट ही सांगा की ही मुळात शाळा होती. हायस्कूल, तीन मजली इमारती, मधे पटांगण, वर्गात पिवळ्या-पांढऱ्या फरश्या. १७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या ख्मेर रूजने, म्हणजे तिथल्या कट्टर कम्युनिस्टांनी, नॉम पेन्ह घेतलं, शहरंच्या शहरं रिकामी करून माणसांना शेतावर हाकललं, शाळा बंद केल्या, आणि या शाळेचा एस-२१ तुरुंग झाला. वर्गांमधे विटांच्या छोट्या छोट्या कोठड्या बांधल्या, व्हरांड्याला काटेरी तारा लावल्या कारण कैदी वरून उड्या मारून जीव देतील ही भीती, आणि पोरं ज्या खांबावर व्यायाम करायची त्यालाच माणसं उलटी टांगली. प्रमुख होता डुच, आधी गणिताचा मास्तर! किमान १२ हजार माणसं इथे आणली गेली, बरेच अंदाज १८ हजारांपर्यंत जातात, आणि शेवटी जिवंत सापडलेले जेमतेम डझनभर. चित्रकार वान नाथ वाचला कारण त्याच्याकडून पोल पॉटची चित्रं काढून घ्यायची होती, चुम मे वाचला कारण त्याला मशीन दुरुस्त करता यायची. देशभरात पावणेचार वर्षांत साधारण १७ लाख लोक गेले, म्हणजे चारातला एक. हा आकडा मोठ्यांनाच पेलत नाही, चौदा वर्षांच्या मुलीला काय पेलणार, पण वर्ग तिला कळतो, फळा कळतो.

आता फोटो. प्रत्येक कैद्याचा आल्या आल्या फोटो काढायचे, त्याच फोटोंनी आज भिंती भरल्यात. त्यात तिच्या वयाची मुलं आहेत हे आधीच सांगून ठेवा. आणि एक, जे मला तिथे गेल्यावर सगळ्यात जड गेलं, पहारेकरीही बरेचसे पंधरा-सोळा वर्षांचे खेड्यातले मुलगेच होते, त्यातल्या कित्येकांवर पुढे संशय घेऊन त्यांनाही तिथेच कोंडलं, म्हणजे भिंतीवरच्या काही चेहऱ्यांनी आधी दुसऱ्यांना मारलेलं असू शकतं. 'वाईट लोक होते म्हणून झालं' हे उत्तर तिथे टिकत नाही, मुलगी विचारेलच, तेव्हा घाईने उत्तर देऊ नका.

बिल्डिंग ए मधे नुसते लोखंडी पलंग आणि मृतदेहांचे फोटो आहेत, तिथून सुरुवात नको, नको वाटलं तर तो भाग सोडा. सेल्फी अजिबात नाही, तिथे हसू नका अशी खुणेची पाटीच आहे. आणि चोएंग एक, म्हणजे जिथे नेऊन मारायचे ते मैदान, साधारण १५ किलोमीटरवर आहे, टूरवाले दोन्ही एकाच सकाळी उरकतात आणि दुपारी मार्केटला नेतात, ते कृपया टाळा. एकच बघा आणि दुपार मोकळी ठेवा, तिला बोलायचं असेल तर बोलू दे, नसेल तर गप्प बसू दे.

प्रश्न: चोएंग एकच्या स्तूपात काचेमागे कवट्या रचून ठेवल्यात असं वाचलं. बौद्ध देश ना तो, मग त्यांना अग्नी का नाही दिला? मला हे प्रदर्शन वाटतं. (पुण्याचे एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, राजे सिहानूक यांचंही हेच म्हणणं होतं, अग्नी द्या, आत्म्यांना शांती मिळू द्या. सरकारचं म्हणणं, हा पुरावा आहे. तुमची अस्वस्थता रास्तच आहे, पण मला पुराव्याची बाजू पटते, कारण १९७९ मधे व्हिएतनामच्या सैन्याने ख्मेर रूजला हरवल्यावरसुद्धा संयुक्त राष्ट्रसंघातली खुर्ची बरीच वर्षं त्यांच्याकडेच होती, बहुतेक जगाने नवं सरकार मान्यच केलं नाही (भारताने मात्र १९८० मधे त्याला मान्यता दिली). मुख्य खटले तर २००६ नंतर उभे राहिले, आणि वंशसंहाराचा निकाल आला २०१८ मधे, तोही चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत.

तरी प्रदर्शनाचा दोष होता हे खरं. म्युझियमची पहिली मांडणी माई लाम या व्हिएतनामी अधिकाऱ्याने केली, व्हिएतनामचं सैन्य का घुसलं हे जगाला पटवायचं होतं, त्यात तुओल स्लेंगच्या भिंतीवर कवट्यांचाच कंबोडियाचा नकाशा केला होता. तो २००२ मधे काढला, बरंच झालं. स्तूपातल्या कवट्यांपुढे मात्र लोक आजही उदबत्ती लावतात, चपला बाहेर काढून.